बर्फात उजेड कुठवर जातो

मी आजवर पडणारा बर्फ पाहिलेला नाही. कॉलेजातल्या सगळ्या बायका सिमला-मनाली करून आल्या, स्वेटर घालून काढलेले फोटो दाखवून झाले, मी गेले नाही आणि आता जाणारही नाही. पण पडत्या बर्फातून उजेड किती जातो आणि कशाने अडतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. धुळ्याच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते. अभ्यासक्रमात हा विषय कधीच नव्हता. तो मी माझ्या वडिलांसाठी शिकले.

आमच्या खानदेशात बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी. लाकडाच्या भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवरून यायची आणि लग्नाच्या मांडवात पिंपात फोडली जायची. दुसरा बर्फ म्हणजे गारा. त्या केळीची पानं फाडून जातात आणि घटकाभरात विरघळतात. ज्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथल्या माणसाला बर्फ आवाज न करता दिवसच्या दिवस पडत राहतो हे सांगून पटत नाही. माझा धाकटा भाऊ फौजेतून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा मायने त्याला जेवता जेवता विचारलं होतं, “पानीगत पडस का रे?”

“नही माय. रुईगत पडस.”

“रुईगत पडस ते मंग हिव काबर वाजस?”

आम्ही सगळे हसलो. भाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की हिला विचार, पगार कशाचा घेते. मी त्याला उष्णता आणि वितळणं असं काहीतरी ऐकवलं. त्याने हात जोडले आणि आणखी एक भाकरी मागितली.

आबा, म्हणजे आमचे वडील, धरणगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांची देखभाल करायची. सरळ, कडक माणूस. बोललेला शब्द परत घ्यायची सवय नाही. गावाबाहेर थोडी शेती होती आणि तिथे विहिरीवर मोटर. तेव्हा शेतीची वीज बहुतेक अंधार पडल्यावरच यायची. मग आबा मोटरीपाशी आणि भाऊ शेताच्या पार टोकाला बारे द्यायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, असे दोघे भिजवणीला जायचे. मध्ये हाक पोचणार नाही एवढं अंतर, म्हणून बोलणं सगळं बॅटरीने. एकदा लावून बंद केली की मोटर सुरू कर, दोनदा केली की थांबव. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत हीच भाषा होती. अंधारात शिवारभर दिवे लागायचे आणि विझायचे, आणि कोण कोणाला काय सांगतंय हे घरी ओट्यावर बसून मायलाही कळायचं.

या भाषेत एक नियम होता. वाट चुकली, पायाला काही लागलं, साप दिसला, तर जागचं हलायचं नाही. बॅटरी लावून हात वर धरायचा आणि धरूनच ठेवायचा. दुसरा माणूस उजेडावर चालत येतो. भाऊ दहा-बारा वर्षांचा असताना एकदा उंच वाढलेल्या ज्वारीत बांध चुकला होता. आबांनी शिकवल्याप्रमाणे तो उभा राहिला, हात वर करून. आबा लांबून, मधलं सगळं तुडवत, बरोबर त्याच्यापाशी गेले. घरी आल्यावर आबा मायला म्हणाले की पोरगा शहाणा आहे, हलला नाही. आबांच्या तोंडून कौतुक तसं महागच. भाऊ ते पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

फौजेत जाताना त्याने शेतावरची ती तीन सेलची स्टीलची बॅटरी मागून घेतली. सरकार देतंच ना, असं मी म्हटलं. तो म्हणाला, असू दे.

नव्वद सालानंतरच्या एका जानेवारीत तो गेला. उत्तरेतल्या डोंगरांत त्याची चौकी होती. एका खंदकातून दुसऱ्या खंदकात जाताना बर्फाच्या वादळात सापडला. सकाळी वादळ थांबल्यावर मिळाला. त्याला घेऊन एक सुभेदार आणि दोन जवान आले. गावाने गर्दी केली, घोषणा दिल्या, फुलं टाकली. मी त्या गर्दीवर मनातून चिडले होते. ज्यांनी त्याला आयुष्यात कधी चहा पाजला नाही ते गळे काढत होते.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. ओट्यापुढे सतरंजी अंथरलेली असते. येणारा बसतो, थोडा वेळ गप्प राहतो, दोन शब्द बोलतो आणि ‘येतो’ न म्हणता उठून जातो. कितीही जुनं वैर असलं तरी दारावर आलेल्याला कोणी काही बोलत नाही. भावाच्या तेराव्याचा दिवसही अजून झाला नव्हता, तेव्हा भडगावकडचा एक तरुण आला. तो भावाच्याच पलटणीत, त्याच चौकीवर होता. त्या दिवशी पहारा त्याचा होता. सुट्टी मिळताच आपल्या घरी ट्रंक टाकून तो सरळ आमच्याकडे आला होता. ओठ थंडीने फुटलेले, नाकावरची कातडी सोललेली. सतरंजीच्या कडेला बसला. आबांनी त्याला काय झालं ते विचारलं.

“बर्फ पडी ऱ्हायना व्हता, आबा. काहीच दिसे नही.”

“त्याकडे बॅटरी व्हती.”

“व्हती.”

“चालू व्हती?”

तो खाली बघत म्हणाला, “बटन चालूच व्हतं.”

“आनि तुले दिसनी नही?”

“नही, आबा.”

आबांचा आवाज चढला. “बॅटरीना उजेड दोन कोसवरतीन दिसस. पानी पडो का काही बी पडो. खोटं बोलस तू. तू भाईर निंघनाच नही. ऊठ. आठेतीन ऊठ!”

सतरंजीवर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. दारावर आलेल्याला उठवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तो तरुण उठला, चपला हातातच घेऊन फाटकाबाहेर गेला.

ही बातमी भडगावला त्याच्या आधी पोचली असेल. मित्राला बर्फात सोडून हा खंदकात बसून राहिला, असं लोक म्हणायला लागले. त्याची सोयरीक नेमकी धरणगावातच, आमच्या लांबच्या नात्यातल्या मुलीशी ठरत आली होती. मुलीचे वडील आबांना विचारायला आले. आबा म्हणाले, “त्याले पोर देऊ नका.” एवढं एकच वाक्य. पण मुलगा गेलेल्या बापाचं वाक्य ते. सोयरीक थांबली. आता सुट्टी संपून तो पलटणीत परत गेला की ही गोष्ट तिथेही जाणार, आणि फौजेत भेकड ठरलेल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको.

मला ते पटलं नव्हतं. त्या मुलाचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. पण आबांचं म्हणणं खोडायला माझ्याकडेही काही नव्हतं. पावसात बॅटरी दिसते, हे मीही लहानपणापासून पाहिलेलं. धुळ्याला परत आल्यावर मी लायब्ररीत जाऊन बसले. जुन्या परदेशी नियतकालिकांचे बांधीव गठ्ठे कपाटावर धूळ खात पडलेले असायचे. मी ते उतरवले. रडण्यापेक्षा ते बरं होतं. तास संपला की जायचं आणि लायब्ररी बंद होईपर्यंत वाचायचं.

पावसाचा थेंब काचेच्या गोटीसारखा असतो, एकसंध आणि पारदर्शक. जोरात पडतो, म्हणून एका वेळी हवेत फार थेंब नसतात. उजेडाला त्यांच्यामधून निसटायला जागा असते. बर्फाचं पीस वेगळं. ते स्फटिकांच्या काड्याकाड्यांचं, पसरट आणि पोकळ असतं. इतकं हळू पडतं की तेवढ्याच पाण्यासाठी हवेत कितीतरी जास्त पिसं तरंगत असतात. आणि प्रत्येक पिसाला शेकडो बारीक पैलू. उजेड एका पैलूवर आपटतो, वळतो, पुढच्या पिसावर आपटतो. बर्फ उजेड गिळत नाही, तो त्याला सगळीकडे उधळून देतो. त्यातला काही उलटा फिरून बॅटरी धरणाऱ्याच्याच डोळ्यात येतो. ज्याच्या हातात बॅटरी असते त्याला वाटतं, केवढा उजेड पडलाय! त्याच्याभोवती सगळं पांढरंफेक झालेलं असतं. चार पावलांवरच्या माणसाला मात्र नुसतं फिकट धूसर काहीतरी दिसतं, ते कुठून येतंय हेही कळत नाही. वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ उडायला लागला तर तेवढंही नाही.

ते वाचलं त्या दिवशी मी गठ्ठा मिटून ठेवला आणि मला पहिल्यांदा भाऊ दिसला. त्याच्या बॅटरीच्या पांढऱ्या उजेडात उभा असलेला. मला तिथेच रडू फुटलं. लायब्ररीतल्या शिपाईमामांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दिवे बंद करायचे थांबले.

रविवारी धरणगावला गेले आणि आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पुस्तकमा बर्फ पडस का?” वर आणखी एक प्रश्न काढला. सुभेदाराने त्यांना सांगितलं होतं की चौकीवर एक दुर्बीण आहे, तिच्यातून अंधारातही माणसाच्या अंगाची गरमी दिसते. पलीकडून कोणी येतंय का ते बघायला. मग उजेड नाही दिसला तर नाही, पण माझ्या पोराच्या अंगात गरमी होती ना? ती का नाही दिसली?

प्रश्न चांगला होता. माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतका चांगला प्रश्न मला विचारला नव्हता. मी त्यांना सांगितलं की अंगाची गरमी हाही एक उजेडच आहे, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्याला अवरक्त म्हणतात. त्याच्या लाटा साध्या उजेडापेक्षा बऱ्याच लांब. विरळ धुक्याचे कण अगदी बारीक असतात, त्यामुळे ही लांब लाट त्यांना फारसं न जुमानता पुढे जाते. गिरणा नदीच्या पाण्याची लाट वाळूच्या खड्यावरून जाते तशी. म्हणून धुक्यात ती दुर्बीण डोळ्यांपेक्षा बरी. पण बर्फाचं पीस या दोन्ही लाटांच्या मानाने डोंगराएवढं असतं. त्याला दोघीही सारख्याच. उलट गरमी तर बर्फ शोषूनही घेतो, म्हणून तिचं थोडं जास्तच नुकसान. आबा, बर्फ पडताना ती दुर्बीणही आंधळी होते. आणि वरून तो बर्फाने झाकला गेला असेल तर त्याच्यात आणि जमिनीत फरक तरी कसा कळणार?

आबा उठून आत गेले. पटलं नव्हतं. शब्दांनी पटणाऱ्यातले ते नव्हतेच. यंत्र उघडून हात घातल्याशिवाय त्यांनी कधी कोणाचं ऐकलं नाही.

मग मला आबांचं जिन, म्हणजे त्यांची जिनिंग फॅक्टरी, सुचलं. हंगाम जोरात होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दुपारी आबांसोबत फॅक्टरीत गेले. यंत्रातून मोकळी झालेली रुई हवेच्या झोताने एका लांबलचक खोलीत येऊन पडते. झोत चालू असला की त्या खोलीत रुईची पिसं नुसती तरंगत असतात. ठिणगीची भीती म्हणून उघडा दिवा तिथे चालत नाही, बॅटरी मात्र दाराशी खिळ्याला टांगलेली असते. मी तोंडाला पदर बांधला, बॅटरी घेतली आणि खोलीच्या पार टोकाला भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आबा दाराशी. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की मी बॅटरी लावून हात वर करते, तुम्ही ती दिसली की मोठ्याने हाक मारा.

मी बटण दाबलं. माझ्यापुढे पांढरी भिंत उभी राहिली. दार नाही, आबा नाहीत, माझा वर केलेला हातही मनगटापुढे नाही. डोळे दिपत होते. मी उभी राहिले. हाक आली नाही. बरंच थांबून मी बॅटरी बंद केली, तेव्हा कुठे दाराची चौकट पुसट दिसायला लागली आणि त्यात आबा. मी पुन्हा लावली, पुन्हा बंद केली. हाक नाही. वर्षानुवर्षं त्या खोलीत ते येत-जात होते, पण त्या खोलीत कोणी कोणाला बॅटरीने शोधलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा माझ्या केसांवर, भुवयांवर रुई बसली होती. आबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बदललेला होता. मला वाटलं, झालं, पटलं, सुटला तो मुलगा. मी खरंच खूश झाले होते. अंगावरची रुई झटकत मी म्हणाले, “देखं ना, आबा? त्यानी काहीच चूक नही.”

आबा म्हणाले, “नही. त्यानी नही.”

मग सरकीच्या पोत्यावर बसले. यंत्रांच्या आवाजात मला त्यांचं हळू बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून मी जवळ वाकले.

“बॅटरी चालू व्हती म्हंजे तो चालत नही व्हता,” आबा म्हणाले. “तो उभा व्हता. मीच शिकाडं व्हतं त्याले.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उजेडाचा विचार केला, पिसांचा केला, त्या मुलाच्या सोयरिकीचा केला. नियमाचा केला नाही. मी काहीतरी बोलले, की आबा तसं नसेल, वादळात कोण काय करतं कोणाला माहीत. पण ते ऐकत नव्हते. पोत्यावर बसल्या बसल्या उजवा हात मांडीवर उलटा करून तळव्याकडे बघत होते. भोंगा झाला तरी उठले नाहीत. मुकादम येऊन विचारून गेला, बरं वाटत नाही का फिटरभाऊ.

घरी त्यांनी मायला काही सांगितलं नाही. मला म्हणाले की उद्या भडगावला जायचं. आपण आधी बसवलं नाही त्याला, आता आपण जाऊन बसायचं.

त्या मुलाचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात त्याचे वडील, दोन-तीन म्हातारी माणसं, शेजारचे कोणी. आबांना पाहून सगळे उभे राहिले, पण ‘या’ कोणी म्हणालं नाही. आबांनी उभ्यानेच सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या मुलाने काही चुकीचं केलेलं नाही, मी रागात बोललो, ते बोलणं मी परत घेतो, धरणगावच्या पाहुण्यांनाही मीच सांगणार. आबांनी शब्द परत घेताना मी आयुष्यात पाहिलेलं ते एवढंच. मुलाच्या आईने पाणी आणलं. आबा खाटेवर बसले, पाणी प्यायले. सोयरीक पुढे झाली हे इथेच सांगून टाकते. त्या लग्नाला मी गेले होते, आबा गेले नाहीत.

पाणी पिऊन झाल्यावर आबांनी त्या मुलाला जवळ बसवलं आणि आपल्या मुलाबद्दल विचारलं, “मना आंडोर उभा व्हता ना? एकच जागावर?”

तो मुलगा लगेच म्हणाला, “नही, आबा. चालत व्हता तो. दोरकडे चालत व्हता.”

दोन खंदकांच्या मध्ये दोर बांधलेला असतो, तो धरून जायचं असतं. वादळात हातातून सुटला तर बॅटरी बंद करायची, खाली वाकून हाताने चाचपडत दोर शोधायचा, थांबायचं नाही, असं त्यांना शिकवलेलं असतं. तो भराभर सांगत होता आणि आबा त्याच्या तोंडाकडे पाहत होते. पहिल्या दिवशी खाली बघून खरं बोलणारा मुलगा आज डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. आबांनी मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे विचारलं नाही.

तो आम्हाला बसपर्यंत पोचवायला आला. आबा पुढे चालत होते. मी त्याला हळूच म्हणाले की तुझ्या मागचं बालंट गेलं, बरं झालं. त्याने आबांना आणखी थोडं पुढे जाऊ दिलं. मग म्हणाला, “अक्का, तुम्हीन काबर सांगं त्यासले?”

मला कळेना. मी म्हटलं, अरे, तुझ्यासाठी.

तो म्हणाला की भाऊ चौकीवर सगळ्यांना ती ज्वारीची गोष्ट सांगायचा. आबा कसे उजेडावर चालत आले ती. सकाळी तो सापडला तेव्हा दोर त्याच्यापासून थोडक्या पावलांवर होता. “हात वरच व्हता, अक्का. आम्हीन तो खाले कया.” त्याच दिवशी त्याने ठरवलं होतं की घरी हे सांगायचं नाही. बटणाचं तेवढं तोंडातून निघून गेलं. आबांनी शिव्या दिल्या तेव्हा त्याला उलट बरं वाटलं होतं.

“मनावर व्हतं ते बरं व्हतं,” तो म्हणाला. “मी तरना शे. माले झेपतं. आबासले नही झेपनार.”

मी चूक केली असं मी अजूनही म्हणणार नाही. एका निरपराध मुलाच्या अंगाला चिकटलेली घाण मला बघवली नाही आणि आजही बघवणार नाही.

बस आली. आबांनी दांडी धरली आणि पाय पायरीवर ठेवला, पण त्यांना वर चढता येईना. कंडक्टर चला चला म्हणून ओरडत होता. मी मागून त्यांना दोन्ही काखांत धरून वर घेतलं. त्या दिवसाआधी आबांना धरायची वेळ कधी कोणावर आली नव्हती.